पाच सेकंदांच्या पुढे

नकलांचा व्हिडिओ सुरू व्हायच्या आधी जाहिरातीत पांढऱ्या कोटातला डॉक्टर फोनच्या पडद्यावर आला, तशी सरलाबाई पिठाच्या हातानेच धावली. डॉक्टर बोलायला लागला होता. पाच सेकंद गेल्याशिवाय त्याला हाकलता येत नाही, हे आता तिला पाठ झालं होतं. तेवढ्या वेळात ती मोठ्याने खोकली, पाणी हवं का म्हणून विचारलं, परात उगाच सरकवली. मग एकदाचं बटण आलं. तिने ते दाबलं. डॉक्टर गेला आणि अहिराणीत नकला करणारा जाडा माणूस हात उडवत पुढे आला.

भिंतीला टेकून बसलेला तिचा नवरा लोटू हसला नाही. पण त्याचे डोळे पडद्यावर होते. सरलाबाईला तेवढं पुरे होतं.

सव्वीस वर्षं लोटूने पलसाण्याच्या मिलमध्ये कापड रंगवलं. कधी आजारपणाची रजा घेतली नाही. दोन महिन्यांपूर्वी घास घशाखाली उतरेना, तेव्हा योगराजने बापाला मोठ्या दवाखान्यात नेलं. दुर्बीण घातली, तुकडा काढून तपासला. मग डॉक्टरांनी योगराजला आणि सरलाबाईला बाहेर व्हरांड्यात बोलावलं.

"फार पसरलाय. आता घरी न्या. जे जाईल ते खाऊ द्या."

आत येऊन योगराजने बापाला सांगितलं, अन्ननळीला जखम आहे, औषधाने भरून येईल. सरलाबाईने मान डोलावली. लोटूने दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि चपला पायात सरकवल्या.

पुढचे आठ-दहा दिवस योगराज घरातल्या फोनवर शोधत राहिला. कुठे तरी, कोणत्या तरी गावाला इलाज असेल. इलाज काही सापडला नाही. फोनने मात्र त्याचं सगळं शोधणं ध्यानात ठेवलं. कानबाईची गाणी लावली तरी कॅन्सर, आरती लावली तरी कॅन्सर. कधी काढा, कधी दवाखाना, आणि सगळ्यांत जास्त वेळा तो पांढऱ्या कोटातला. कोसाडच्या त्या दोन खोल्यांत जो शब्द कोणी तोंडातून काढत नव्हतं, तो फोन दिवसातून दहा वेळा बोलून दाखवायचा.

म्हणून फोन लोटूच्या एकट्याच्या हातात कधी दिला नाही. व्हिडिओ सरलाबाई लावायची, समोर डब्याला टेकवून तीच ठेवायची. एकदा तिने फोन बिघडला म्हणून डब्यामागे लपवून ठेवला. लोटू दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. दूधसुद्धा घेईना. तिसऱ्या दिवशी तिने मुकाट्याने फोन बाहेर काढला.

डॉक्टरला पुन्हा हाकलावं लागलं त्या दिवशी परात झाकून, फोन घेऊन ती तडक नाक्यावर गेली. मोबाइल दुरुस्तीचं दुकान प्रवीणचं. तो अमळनेरकडचा, ओळखीतला.

"प्रवीणभाऊ, या जाहिराती बंद व्हतीन का?"

"कोणत्या, ताई?"

तिला तो शब्द उच्चारता येईना. तिने फोनच पुढे केला. प्रवीणने एक व्हिडिओ लावला. पडद्यावर काय आलं ते पाहून त्याने लगेच आवाज बंद केला. तिच्याकडे एकदा बघितलं आणि फोन जवळ ओढला. थोडा वेळ बोटं फिरवून त्याने फोन परत दिला.

"हे नवीन ॲप टाकलंय. आता व्हिडिओ यातूनच लावायचे, जुन्याला हातच लावायचा नाही. एकही जाहिरात येणार नाही."

घरी येताना ती वाटेत एका ओट्यावर नुसतीच बसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा छातीवरचं ओझं जरा हललं होतं. माणसाचे जे काही दिवस उरलेत ते तरी हसण्यात जावेत, एवढंच तिला हवं होतं.

दिवेलागणीला तिने फोन लोटूच्या हातात दिला. पहिल्यांदाच. एकट्याच्या. व्हिडिओ सरळ सुरू झाला. जाडा माणूस आला, बायकोच्या मागे पळाला, शेणात घसरून पडला. तो संपला, दुसरा लागला. मग तिसरा. सरलाबाई चुलीकडे वळून निवांत भाकरी थापत होती. कान देऊन बसायची आता गरज नव्हती.

मागचा आवाज थांबला. लोटूने फोन उलटा करून मांडीवर ठेवला होता.

"योगराजनी माय, तो डॉक्टर आज उना नही?"

तिचा हात पिठातच राहिला.

"कोन डॉक्टर?"

"पांढरा कोटवाला. रोज येस ना."

"जाहिरात व्हती ती," सरलाबाई त्याच्याकडे न बघता म्हणाली. "बंद करी टाकी मी."

लोटूचा आवाज अलीकडे अगदी बारीक झाला होता. ऐकू यावं म्हणून तिला उठून त्याच्याजवळ बसावं लागलं. तो रागावलेला दिसत नव्हता. परगावच्या माणसाने वाट विचारावी, तसा तो तिच्याकडे बघत होता.

"घास अडकत व्हई तर हाऊ कॅन्सर शे, म्हने तो. घाबरू नका, म्हने. इतलं बोले अन् तू बटन दाबी दे. मी रोज वाट दखू, आज तरी तू दाबानं इसरशी."

सरलाबाईने पदर तोंडाशी नेला. लोटूने फोन उचलून तिच्या पिठाळ हातात ठेवला.

"घाबरू नका म्हनस... मंग पुढे काय म्हनस तो?"