अळिवाची पुडी

ललिताबाई तुपात डिंक तळत होत्या, तेवढ्यात नणंद स्वयंपाकघरात डोकावली.

"वहिनी, हे कुणासाठी?"

"सुनेसाठी. थंडी मी मी म्हणतेय, डिंकानं तिची कंबर भरून येईल."

"अगं, बाळ घरी आलंच नाही, मग बाळंतिणीचे लाडू कसले करतेस? लोक नावं ठेवतील."

ललिताबाईंनी झारा परातीत आपटला.

"ठेवू देत. नऊ महिने पोट तिनं वागवलं, कळा तिनं सोसल्या. बाळ गेलं म्हणून तिचं बाळंतपण झालंच नाही का?"

ललिताबाईंनी महिन्यापूर्वी मंडईतून हौसेनं आणलेली अळिवाची पुडी न फोडताच नणंदेच्या हातात ठेवली.

"ही घेऊन जा, वन्सं. अळीव दूध यावं म्हणून घालतात. तेवढे मी वगळलेत."