सैल नट

महिन्यात तिसऱ्यांदा घोरपडेकाकांची मोटारसायकल सुरू होईना, म्हणून मेकॅनिक नजीर घरी आला. सीट काढून त्याने बॅटरी तपासली. चार्जिंग पुरेसं होतं, टर्मिनलवर क्षारही नव्हते. फक्त वायरचा नट सैल होता आणि त्याच्या खाचेत कणीक वाळली होती.

त्याने खिडकीतून आत पाहिलं. काकू कणीक मळताना थांबल्या होत्या. दिवाळीत काका चक्कर येऊन गाडीवरून पडले होते.

"जुनी गाडी, काका. धक्क्यांनी नट सैल होतो," म्हणत नजीरने पाना उचलला.

काकांनी त्याचा हात धरला. "पान्याने नको, बोटांनीच बसव," ते हळूच म्हणाले. "मागच्या वेळी तू घट्ट आवळलास, सोडवताना तिची बोटं सोलली."