हरलेल्यांची बातमी

तीस वर्षं नेब्रास्कातल्या स्थानिक टीव्हीवर वेंडलनं शालेय अमेरिकन फुटबॉलच्या बातम्या दिल्या. आवाज असा, की वीज गेली तरी तीन शेतांपलीकडे निकाल कळायचा! जिंकलेले प्रशिक्षक फोन करत. हरलेल्यांना मात्र वेंडलच फोन लावून कौतुकाजोग्या एका खेळाडूचं नाव मागायचा आणि ते बातमीत गाजवायचा. निवृत्तीनंतर उमेद जागवणारी भाषणं करू लागला. घशाच्या शस्त्रक्रियेनंतरचं आज गावात पहिलंच. नाही जमलं, तर शेवटचं. माइक धरला, घशातून नुसती खरखर. "आजोबा, आधी माइक चालू करा!" कुणीतरी खिदळलं. तेवढ्यात टकला गवंडी उठला, वेंडलच्या थाटात गरजला, "साठ गुणांनी हरले, पण ऑर्विल नोवाकनं अकराच्या अकरा लोळवले! तो मीच!" मग न्हावी उठला, मग पाद्री, प्रत्येकाला आपापली बातमी पाठ. थक्क झालेल्या वेंडलनं माइक त्यांच्याकडे वळवला. भाषण दोन तास रंगलं; वेंडल बोललाच नाही.