आपोआप भरलेला अर्ज

सोपान तांदळेंनी शाळेच्या खिडकीत फक्त लेकीचं नाव सांगितलं आणि पाचवीच्या प्रवेशाचा अर्ज पडद्यावर आपोआप भरू लागला. पालकांना आता कुणी काही विचारत नसे. घरातल्यांनी वर्षानुवर्षं फोनवरून जगासमोर टाकलेल्या फोटो-निरोपांवरून यंत्रच सगळं ताडायचं, न सांगितलेलंसुद्धा.

खिडकीमागच्या कारकून हेमलताबाईंनी नियमाप्रमाणे पडदा बाहेर वळवला. "नीट वाचून घ्या, मग अंगठा ठेवा."

"चष्मा घरीच राह्यला बघा," सोपान म्हणाले. "मैना, तू वाच गं. मोठ्यानं वाच."

मैना खणखणीत आवाजात वाचू लागली. घर भाड्याचं. आईला दमा. पुढची ओळ बाईंनी पडदा वळवताना पाहिली होती: 'वडील निरक्षर. पुरावा: बारा वर्षांत स्वतः लिहिलेला एकही शब्द नाही, फक्त फोटो आणि आवाजी निरोप.' पोरीला थांबवायला त्यांनी हात पुढे केला, पण तिची नजर त्या ओळीवर पोचली होती.

मैनानं एकदा वडिलांकडे पाहिलं. सोपान जमिनीकडे बघत राहिले.

"वडील सातवी पास," तिनं वाचलं.

सोपाननी झटकन मान वर केली. "बघ! मी काय सांगत होतो तुला? सातवी!" ते बाईंकडे वळून हसले. "हुशार आहे हो तुमचं मशीन."

"बाई," मैनानं त्यांच्याकडे टक लावून विचारलं, "बरोबर वाचलं ना मी?"

"अगदी बरोबर," हेमलताबाई म्हणाल्या आणि त्यांनी पडदा आपल्याकडे वळवून घेतला.