संततीचा नियम

गिरणीतल्या बायकांना संततिनियमन समजावून सांगायचंच, असं अण्णाराव वकिलांनी मनावर घेतलं. भवानी पेठेत सतरंज्या पडल्या, बायका जमल्या. पण समोर डोईवर पदर घेतलेल्या इतक्या जणी बघून वकिलांना घाम फुटला आणि घरून घोकून आणलेला एकही साधा शब्द जिभेवर येईना. मग ‘दांपत्यधर्म’, ‘निग्रह’, ‘संततीचे नियमन’ अशा जड शब्दांच्या आड लपत त्यांनी भाषण रेटलं. बायका मुकाट्यानं ऐकत होत्या. आपण बाजी मारली, असं वकिलांना वाटलं.

शेवटी सोजरबाई उठली. “वकीलसाहेब, माझी सून मागल्या बाळंतपणात मरता मरता वाचली. डाक्टर म्हनला, पुन्ना दिवस गेले तर जगायची न्हाय. तुमी सांगितलेला नियम ती पाळंल की. पन त्याचा उपास कुठल्या वारी धरायचा?”

साऱ्या बायका वकिलांकडे बघू लागल्या. कोर्टात भल्याभल्यांची बोलती बंद करणाऱ्या अण्णारावांनी घसा खाकरला, उपरण्यानं तोंड पुसलं, पुन्हा घसा खाकरला.



“सोमवारी,” ते म्हणाले.