पहाऱ्याची तयारी

साक्रीजवळच्या बंद विश्रामगृहाचा रखवालदार वारला, तरी आतून त्याचा खोकला ऐकू येतो, असं लोक म्हणत. त्याची बायको झुंबरबाई त्यापायी ती जागा सोडेना. वरणगावच्या कारखान्यात असलेला मुलगा न्यायला येऊन रिकामाच परतला. शेवटी त्यानं देवपूरच्या वाल्मीक सरांना गाठलं. सर गावोगाव फिरून लोकांच्या मनातली भुताची भीती काढत.

रात्री पहारा करायचा, म्हणून सरांनी दुपारीच तयारीला हात घातला. खिडक्या आतून लावल्या, टॉर्च तपासला. मग दादर ज्वारीचं पीठ चाळणीनं फरशीवर पसरत ते मागं मागं सरकत दाराबाहेर आले. सकाळी पीठ कोरं दिसलं, की म्हातारीची खात्री पटेल आणि ती लेकाकडे जाईल. पण नवऱ्याचा म्हणून तिच्यापाशी उरलाय तो हा खोकलाच, हे त्यांना टोचत होतं. त्यांनी कुलूप लावलं.

झुंबरबाई चहा घेऊन मागं उभी होती.

“सर, आतमा आखो कोन व्हतं?”

“कोणी नाही, अक्का. मी एकटाच होतो.”

“मंग तुमना पाठवर हाऊ हात कोना शे?”

सरांनी सदरा काढून पाहिला. निळ्या कापडावर पिठाचा पंजा उमटला होता, पाचही बोटं फाकलेली. त्यांनी स्वतःचा तळवा त्यावर ठेवून पाहिला. तो लहान पडला.

झुंबरबाईनं सदरा हळूच आपल्याकडे घेतला. झटकला नाही.

“दार उघाडा, सर,” ती म्हणाली.

सरांनी किल्ली मुठीत घट्ट आवळली.