काकांचे पालक

आयुष्यभर लोकांच्या घरचं वायरिंग केलेल्या काकांनी साठी उलटल्यावर कॉलेजात तीन वर्षांच्या विज्ञान पदवीसाठी अर्ज केला. "इथे ओळखपाळख चालणार नाही, बाकीच्या मुलांसारखंच राहायचं," असं भौतिकशास्त्राच्या मॅडमनी प्रवेशाच्या वेळीच बजावलं. काकांनीही शब्द पाळला. हजेरीला मुलांबरोबर तेही उभे राहून "यस मॅडम" म्हणायचे.

शेवटच्या सत्रात, परीक्षा तोंडावर आलेली असताना, काकांनी सलग चार दिवस प्रॅक्टिकल बुडवलं. कारण काय, ते वर्गात कोणालाच सांगितलं नाही.

"तुमची हजेरी भरत नाही," मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या. "पालकांना घेऊन या, त्याशिवाय परीक्षेला बसता येणार नाही. नियम सगळ्यांना सारखा."

मागच्या बाकांवर खसखस पिकली. काका मात्र "बरं, मॅडम" म्हणून खाली बसले.

दुसऱ्या दिवशी ते खरोखरच आपल्या आईला हाताला धरून प्रयोगशाळेत घेऊन आले. म्हातारी स्टुलावर टेकली, काठी मांडीवर आडवी घेतली आणि लेकाबद्दलची सगळी तक्रार तिने निमूटपणे ऐकून घेतली. मग मॅडमकडे बघून म्हणाली,



"अगं, तुझं पोरगं तापाने फणफणलं आणि तुला रजा घ्यायची नव्हती. मग चार दिवस त्याच्या उशाशी कोण बसलं? तुझा बापच ना?"